बापाने मुलाची क्षमा मागावी का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या या वार्षिकाशी माझा संबंध गेली काही वर्षं फक्त जमाखर्चापुरता आहे. उत्सवाच्या पावत्या तपासायच्या, शिल्लक जुळवायची आणि शेवटच्या पानावर सही करायची. यंदा संपादक मंडळींनी आग्रह केला, "हिशेब दरवर्षी लिहिता, एकदा मनातलं लिहा." मी बी.कॉम. झालेला, बँकेत ३८ वर्षं कारकुनी केलेला माणूस. वेदान्तावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण एक प्रश्न दोन वर्षं मला झोपू देत नव्हता. तो माझ्या घरातला असला तरी बऱ्याच घरांतला असावा, म्हणून इथे मांडतो.

प्रश्न असा: आपण मुलाच्या भल्यासाठी म्हणून जे केलं ते चुकीचं होतं, असं ३० वर्षांनी कळलं, तर बापाने मुलाची क्षमा मागावी का? की 'तेव्हा मला ठाऊक नव्हतं' म्हणून विषय मिटवावा?

आधी हकिकत सांगतो.

माझा मुलगा १९८५ चा. तिसरीत असताना त्याचे पाढे तोंडपाठ होते. घडाघडा म्हणायचा. 'नऊ साती त्रेसष्ट' म्हणायचा आणि पाटीवर मात्र ३६ लिहायचा. 'पंचवीस' म्हणायचा आणि ५२ लिहायचा. वाचताना ओळ सुटायची, जोडाक्षर आलं की थांबायचा, मग पुढचं अंदाजाने म्हणून मोकळा व्हायचा. मला वाटायचं, हे लक्ष नसल्याचं लक्षण आहे. तोंडी येतं आणि लेखी येत नाही, म्हणजे आळस. दुसरं काय?

तेव्हा चौथीला शिष्यवृत्तीची परीक्षा असायची. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा तीत आला आणि त्यांनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. तो पेढा माझ्या घशाखाली उतरला नाही. त्या संध्याकाळी मी फूटपट्टी हातात घेतली, ती पुढे दोन-तीन वर्षं खाली ठेवली नाही. सौ. म्हणायची, "अहो, नका हो मारू. तोंडी येतंय त्याला." मी म्हणायचो, "तू मधे बोलू नकोस."

त्याच वर्षी मार्गशीर्षात मी गुरुचरित्राचा सप्ताह केला. सोवळं, एकभुक्त राहणं, जमिनीवर झोपणं, सगळं यथासांग. सकाळी पोथी आणि संध्याकाळी फूटपट्टी. यात काही विसंगत आहे असं मला एकदाही वाटलं नाही. उलट, मुलाला बुद्धी दे म्हणून महाराजांना साकडं घालून बसलो होतो.

मुलगा हळूहळू वह्या लपवायला लागला. गणिताच्या पेपरच्या दिवशी पोटात दुखायला लागलं. प्रगतिपुस्तकावर सही लागते म्हणून खोटं बोलायला लागला. त्यासाठीही मी मारलं. म्हणजे खोटं बोलायची पाळी मीच आणली आणि खोटं बोलतो म्हणून शिक्षाही मीच केली. दहावी दुसऱ्या खेपेला सुटली. मग आयटीआय. आज त्याचं कुपवाड एमआयडीसीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. हाताखाली चार माणसं आहेत. जळालेली मोटार उघडून नुसत्या नजरेने सांगतो की काय बिघडलंय. पण माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. आमच्यात भांडण असं नव्हतं. नुसतं बोलणंच नव्हतं.

आता नातवाचं. तो ८ वर्षांचा आहे, तिसरीत. दोन वर्षांपूर्वी, पहिलीतच, त्याच्या वहीत मला ५२ च्या जागी २५ दिसलं आणि माझ्या छातीत धस्स झालं. पहिली-दुसरीत असं होणं वावगं नाही, असं त्याच्या बाईंनी सांगितलं. पण तिसरीतही ते गेलं नाही. तेव्हा बाईंनी सूनबाईला बोलावून शांतपणे सांगितलं, "मुलगा हुशार आहे. पण त्याची एकदा तपासणी करून घ्या." सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. बुद्ध्यंक चांगला निघाला. वाचन, लेखन आणि आकडेमोड यांत मात्र अध्ययन अक्षमता आहे, असं निदान झालं. तिथल्या मॅडमनी समजावलं की यात मुलाचा आळस नसतो. डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, पण अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला मेंदूला जास्त कष्ट पडतात. आणि हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं.

हे वाक्य ऐकल्यावर माझा मुलगा काहीच बोलला नाही. परतताना गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाला, "मलाही हेच होतं, अण्णा."

त्याची तपासणी कधी झाली नाही, तेव्हा तसा कागद माझ्यापाशी नाही. पण मला कागद नको आहे. मी पाटी पाहिली होती.

बँकेतल्या मंडळींना पुढचं लगेच कळेल. त्या काळी लेजरं हाताने लिहायचो. बॅलन्सिंगच्या वेळी खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी जुळली नाही, की घरी जाणं नाही. फरक आला की आमचे जुने हेडक्लार्क म्हणायचे, "आधी नऊने भागून बघ." नऊने पूर्ण भाग गेला तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ६३ च्या जागी ३६ लिहिलं तर फरक २७. ८१ च्या जागी १८ लिहिलं तर फरक ६३. दोन्हींना नऊने भाग जातो. मग आम्ही खातं न् खातं तपासायचो आणि चूक सापडायची. ३८ वर्षांत फरक आला म्हणून लेजरला कोणी मारल्याचं मी पाहिलं नाही. चूक कशी झाली, कुठल्या जागी झाली, हे शोधायचं असतं, हे मला बँकेत दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. घरी आल्यावर तेच ज्ञान मी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत होतो. माझ्या मुलाची पाटी रोज सांगत होती, 'अण्णा, नऊने भागून बघा.'

त्यात आपल्या मराठीचीही एक गंमत आहे. 'त्रेसष्ट' म्हणताना आपण आधी तीन म्हणतो आणि मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा आणि मग तीन. इंग्रजीत साठ आधी येतात. म्हणजे मराठी मुलाला बहुतेक दोन अंकी आकडे ऐकले त्याच्या उलटे लिहावे लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन' अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही थट्टा झाली. मंगला नारळीकर या गणिताच्या जाणकार बाई परोपरीने सांगत होत्या की लहान मुलांना सोपं जावं म्हणून हे आहे. मीही तेव्हा कट्ट्यावर बसून त्या पुस्तकाला हसलो होतो. आज हसू येत नाही. बहुतेक मुलं हा उलटसुलट प्रकार वर्ष-दोन वर्षांत सहज पार करतात. काहींना तो डोंगर होतो. शिवाय आपले ३ आणि ६ हे आकडे एकमेकांचं आरशातलं रूप. ज्या मुलाचा आधीच गोंधळ होतो त्याने काय करावं?

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

माझ्या मनाने पहिला बचाव केला, 'तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हतं.' हे बरंचसं खरं आहे. आपल्या कायद्यातही विशिष्ट अध्ययन अक्षमतेची गणना अपंगत्वात झाली ती २०१६ साली, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात. १९९३ साली सांगलीतल्या कारकुनाला हे कुठून कळणार? पण मग स्वतःलाच विचारलं, अरे, आजाराचं नाव ठाऊक नसेल, पण मूल रडतंय हे तर दिसत होतं? त्याला पाढा येतो, हे तर ऐकू येत होतं? बायको सांगत होती, ते? नाव न कळणं हे अज्ञान झालं. समोरचं न बघणं हे अज्ञान नाही, तो माझा अहंकार होता. मला मुलाच्या गणिताची काळजी नव्हती. मला पेढे वाटायचे होते.

दुसरा बचाव सगळ्यांच्या ओठांवर असतो, 'आम्हीही मार खाल्ला, आम्ही काय बिघडलो?' मी वडिलांचा मार खाल्ला आणि मुलाला मारलं. म्हणजे बिघडलोच की! तोच वारसा पुढे चालवला. आणि मार खाऊनही जे चांगले निघाले ते मारामुळे निघाले, असं कशावरून? शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना मनाई केली. पण ते कलम शाळेसाठी आहे. घरात संध्याकाळी फूटपट्टी उचलणाऱ्याचा हात कोण धरणार? तिथे आपला विवेकच हवा.

तिसरा बचाव जरा वजनदार आहे, 'बापाने माफी मागितली तर धाक राहील का? मुलं डोक्यावर बसतील.' यावर मी बराच विचार केला, आणि उत्तर मला दत्तप्रभूंच्या चरित्रात मिळालं.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले, हे आपण सारे जाणतो. त्यांत एक कपोत आहे. पिलांच्या मोहापायी तो आपणहून जाळ्यात शिरला. अवधूताने त्याच्याकडून काय करू नये ते घेतलं. मुलाचा मोह दोन तऱ्हांचा असतो, असं मला आता वाटतं. एक लाडाचा. मुलाचा प्रकल्प आईने करून द्यायचा, गृहपाठ बापाने पुरा करायचा आणि त्याच्या खाली मुलाचं नाव घालायचं. दुसरा माझ्यासारख्याचा. मुलाचे गुण ही आपली अब्रू समजायची आणि ती राखायला त्याला झोडपायचं. वरवर एक मऊ आणि एक कठोर दिसतो. मुळात दोन्ही एकच. दोन्हींत मूल दिसत नाही, आपणच दिसतो.

आणि त्याच २४ गुरूंत एक बालकही आहे. अवधूत, ज्याला आपण गुरूंचा गुरू म्हणतो, तो लहान लेकराला गुरू म्हणतो. मानापमानाची फिकीर नसणं तो त्याच्याकडून शिकला. मग मी कोण लागून गेलो? देवापुढे रोज 'अपराध पोटात घाल' म्हणतो, तेव्हा माझा मान कमी होत नाही. ज्याचा प्रत्यक्ष अपराध केला त्याच्यापुढे म्हणताना कसा कमी होईल? धाकाविषयी बोलायचं तर, चुकल्यावर कबूल करणारा बाप मुलाला एक गोष्ट शिकवतो, जी फूटपट्टीने कधी शिकवता येत नाही. चुकलं तर सांगावं, लपवू नये.

गुरुचरित्रातली कारंज्याच्या नरहरीची कथा मी कितीदा वाचली असेल. ते बाळ ॐकाराखेरीज काही बोलत नव्हतं. आईबाप कासावीस, लोक नाना उपाय सांगणारे, मुंजीच्या वेळी मुक्याला मंत्र कसा देणार म्हणून हसणारे. आणि मुंज होताच मुखातून वेद. यंदा पारायणात हा भाग आला तेव्हा मी थांबलो. आईबापांनी त्या मुलावर हात उगारल्याचं मला कुठेच आढळलं नाही. ती दोघं दुःख करतात, पण मुलाची खूण समजून घेतात आणि मुंजीची तयारी करतात. कोणी याचा अर्थ असा घेऊ नये की मूल बोलत नसेल किंवा वाचत नसेल तर चमत्काराची वाट पाहत बसावं. नरहरी अवतारी होते, आपली मुलं नाहीत. आपल्यासाठी त्या कथेत एवढंच आहे, की लोक काय म्हणतात याकडे न पाहता मुलाची खूण समजून घ्यावी. आजच्या काळात ती समजून घ्यायला डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. त्यांच्याकडे जाणं हा श्रद्धेचा अभाव नव्हे.

गेल्या दत्तजयंतीला आम्ही वाडीला गेलो होतो. दर्शन झालं, पालखी झाली. घाटाच्या पायरीवर मुलगा एकटा बसला होता. मी शेजारी बसलो. मनात तयार केलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "तुला पाढ्यांवरून मारलं ते माझं चुकलं. फार चुकलं." बराच वेळ तो नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, मार मी विसरलो. पण एकदा मावशी आली होती. तिच्यासमोर तुम्ही म्हणालात, 'हा ढ आहे, याच्याकडून काही होणार नाही.' ते नाही विसरलो."

मला ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. बोलणारा विसरतो आणि ऐकणाऱ्याच्या खात्यावर ते कायमचं नावे पडतं.

तो मिठी वगैरे मारेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मारलीही नाही. उठताना म्हणाला, "पोराच्या अभ्यासाला तुम्ही बसा. पण तो शब्द घरात नको." मला तेवढं पुरे झालं. माफी मागितली म्हणजे मागची बाकी फिटली असं नाही. रक्कम मोठी आहे, व्याजासकट. पण हप्ता सुरू झाला.

तेव्हापासून मी नातवाला घेऊन रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर २० मिनिटं बसतो. त्याहून जास्त नाही. तिथल्या मॅडमनी सांगितलेल्या आणि अनुभवाने कळलेल्या चार गोष्टी सांगतो. कोणा आईबापांना उपयोग होईल.

आकडे शिकवायला मी १० च्या नोटा आणि १ ची नाणी घेतो. अखेर कॅशियरचं काम! त्रेसष्ट म्हटलं की तो आधी तीन नाणी उजवीकडे ठेवतो, मग सहा नोटा डावीकडे, आणि मग ते बघून लिहितो. हाताने मोजलेलं डोक्यात बसतं. वाचताना ओळीखाली पट्टी धरतो. होय, तीच लाकडी फूटपट्टी. ती घरात होती आणि तिला काहीतरी चांगलं काम द्यायचं होतं. आधी मी वाचतो, मग आम्ही दोघं मिळून, मग तो एकटा. एका वेळी एकच चूक दाखवतो. दहा चुका असल्या तरी नऊ त्या दिवशी सोडून देतो. 'शाब्बास' एवढंच न म्हणता काय चांगलं झालं ते सांगतो, 'आज जोडाक्षराला थांबलास, पण सोडलं नाहीस.' आणि चुलत भावंडांचे गुण घरात काढायचे नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे.

शाळेत सूनबाईने सगळं मोकळेपणाने सांगितलं. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि इतर सवलती मिळतात. त्यासाठी रीतसर प्रमाणपत्र लागतं. बरेच आईबाप 'मुलावर शिक्का नको' म्हणून ते घेत नाहीत. मी त्यांना एवढंच विचारतो, 'ढ' हा शिक्का त्याच्यावर आधीच बसलेला नाही ना? त्यापेक्षा डॉक्टरांचा कागद बरा. मात्र एक सांगतो, प्रत्येक उलटं अक्षर म्हणजे अक्षमता नव्हे. घाबरून जाऊ नये. तिसरीपर्यंत अडचण टिकली, मूल अभ्यासाला बसताच रडू लागलं, पोट दुखू लागलं, तर तपासून घ्यावं. आणि तपासणी होईपर्यंत त्या मुलाला आळशी म्हणू नये. झाल्यावर तर नाहीच.

शिस्त नको असं मी म्हणत नाही. नातवाचा मोबाइल सात वाजता बंद होतो. पाणी प्यायचं भांडं तो स्वतः विसळतो. खोटं बोललं तर त्याला त्याचा जाब द्यावा लागतो. पण जे त्याला जमतच नाही त्याची शिक्षा, आणि जे जमतं पण करत नाही त्याची समज, यांतला फरक करणं हे मोठ्यांचं काम आहे. तो फरक न करता पट्टी उचलली, तर तो न्याय नाही, नुसता राग आहे.

आमच्यात पूर्वी 'छत्तीसचा आकडा' होता. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. नातू परवा वहीत ६३ बरोबर लिहून मला दाखवायला आला आणि म्हणाला, "आजोबा, बघा, यात दोघं एकमेकांकडे तोंड करून बसलेत." त्याचे वडील दुकानातून नुकतेच आले होते. त्यांनी वही हातात घेतली, ती माझ्याकडे दिली आणि माझ्याशेजारी चहा घेत बसले. त्या संध्याकाळी आम्ही लिंबाच्या भावापासून मोटारीच्या तारेपर्यंत बरंच काही बोललो.

तेव्हा माझं उत्तर असं आहे. क्षमा मागावी. मूल मोठं झालं असलं तरी मागावी आणि लहान असेल तर आजच मागावी. मिळेलच याची हमी नाही. पण मागितल्यावाचून पारायणाची सांगता होते, असं आता मला वाटत नाही.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥